सिंक यशस्वी, एरॅटा शून्य : सुरक्षा अपडेट नेमकं कुठे अडकतं?

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. फोरमन-कॅटेलोला, म्हणजे लिनक्स मशीनांना अपडेट पुरवणाऱ्या सर्व्हरला, साधारण सव्वाशे सर्व्हर (होस्ट) जोडलेले आहेत. त्यातले बहुतेक आल्मालिनक्स ९, डेटाबेससाठी काही रेड हॅट ८, मागे राहून गेलेले थोडे सेंटओएस ७ आणि दोन-चार उबुंटू. रोज रात्री सिंक होतं, म्हणजे बाहेरच्या रेपोंतलं (पॅकेजांच्या साठ्यांतलं) नवं ते कॅटेलोवर उतरतं, आणि सकाळी सगळ्या रेपोंसमोर ‘यशस्वी’ दिसतं. तरीही निम्म्या होस्टसमोर सुरक्षा एरॅटा (दुरुस्त्यांच्या अधिकृत नोंदी) शून्य, आणि ऑडिटरच्या स्कॅनरमध्ये त्याच होस्टवर लाल ओळींची रांग. शिवाय एक-दोन रेपो अधूनमधून ४०३ (प्रवेश नाकारला) किंवा चेकसमची (फाइल पडताळण्याच्या आकड्याची) तक्रार करून पडतात. सिंक दुरुस्त कसं करायचं आणि ते दर तासाला लावलं तर उपयोग होईल का, असं तुम्ही विचारलं आहे.

यात दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत. ४०३ आणि चेकसम हा खरोखर सिंकचा प्रश्न आहे. एरॅटा शून्य दिसणं हा बहुतेक वेळा सिंकचा प्रश्न नसतोच. डेअरीत दूध उतरलं म्हणजे दारात पिशवी आली असं होत नाही, आणि कॅटेलोची हिरवी टिक फक्त दूध उतरल्याचं सांगते. त्यापुढे कंटेंट व्ह्यू (रेपोंचा निवडून गोठवलेला संच), एन्व्हायर्नमेंट (चाचणी, प्रॉडक्शन असे टप्पे), असल्यास स्मार्ट प्रॉक्सी (शाखेतला मदतनीस सर्व्हर), मग होस्टवर पॅकेज बसवणाऱ्या डीएनएफचा मेटाडेटा (रेपोत काय आहे याची सूची), होस्टने सर्व्हरला कळवलेली पॅकेजांची यादी आणि त्या यादीवरून सर्व्हरने केलेला हिशेब, एवढे टप्पे आहेत. यातला कुठलाही टप्पा गप्पपणे थांबू शकतो. लाल खूण बहुतेक ठिकाणी येत नाही.

कुठला टप्पा अडला असेल हे तुमच्या मांडणीवर अवलंबून आहे. तुम्ही कंटेंट व्ह्यू वापरता की सगळे होस्ट थेट लायब्ररीवर, म्हणजे सिंक जिथे उतरतं त्या पहिल्या टप्प्यावर, आहेत, सर्व्हरला इंटरनेट कायम आहे की ठरावीक वेळेपुरतं, मध्ये प्रॉक्सी आहे का, हे प्रश्नात आलेलं नाही. खाली मी कॅटेलो ४ आणि त्यापुढचं, म्हणजे पल्प ३ वरचं गृहीत धरतो (पल्प हा कॅटेलोच्या आतला, रेपो आणणारा-सांभाळणारा भाग). याहून जुनं असेल तर आधी सर्व्हरच अपग्रेड करा. पल्प २ आणि मोंगोडीबीच्या काळातले उपाय इंटरनेटवर अजून पडलेले आहेत आणि ते आजच्या सर्व्हरवर चालवायला जाऊन लोक नवं दुखणं ओढवून घेतात.

माझी पद्धत साधी आहे. सव्वाशे होस्ट एकदम बघायचे नाहीत. स्कॅनरच्या अहवालातून एकच सीव्हीई (जाहीर क्रमांक असलेली सुरक्षा त्रुटी) निवडायची आणि एकच होस्ट. सीव्हीई दोन-तीन आठवड्यांपूर्वीची, ‘महत्त्वाची’ किंवा ‘गंभीर’ दर्जाची आणि त्या होस्टवर नक्की बसवलेल्या पॅकेजची असावी : ग्लिबसी, ओपनएसएसएल, कर्नल असं काहीतरी. मग ती एक दुरुस्ती होस्टकडून उलट दिशेने शोधत जायचं. उलट दिशेने यासाठी, की सर्व्हरकडून सुरुवात केली तर प्रत्येक टप्प्यावर ‘इथे तर ठीक दिसतंय’ म्हणत पुढे जावं लागतं. होस्टकडून गेलं तर पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच बहुधा उत्तर सापडतं.

होस्टवर पहिली कमांड डीएनएफ रेपोलिस्ट, तपशीलवार पर्यायासह. तिच्यात प्रत्येक रेपोचा पत्ता आणि मेटाडेटा शेवटचा कधी बदलला ती तारीख येते. तो पत्ता नीट वाचा, कारण कॅटेलोने दिलेल्या रेपोच्या पत्त्यात ऑर्गनायझेशन, एन्व्हायर्नमेंट आणि कंटेंट व्ह्यू यांची नावं ओळीने असतात. होस्ट ‘प्रॉडक्शन’मध्ये आहे असं तुम्ही समजत असता आणि पत्त्यात कुणीतरी चाचणीसाठी केलेल्या जुन्या व्ह्यूचं नाव निघतं, हे मी अनेक ठिकाणी पाहिलं आहे. पत्ता तुमच्या सर्व्हरचा नसून थेट आल्माच्या मिररचा (मूळ रेपोची प्रत ठेवणाऱ्या सर्व्हरचा) निघाला, तर इन्स्टॉल करताना आलेल्या मूळ रेपो फाइली अजून चालू आहेत. मग होस्ट दोन ठिकाणांहून पॅकेज घेतोय आणि कॅटेलोचा हिशेब त्याच्याशी कधीच जुळणार नाही. त्या फाइली बंद करा.

रेपोची तारीख जुनी असेल तर अडथळा सर्व्हरच्या बाजूला आहे, पुढे येतोच. तारीख ताजी असेल तर मेटाडेटाची कॅश साफ करून एरॅटांची यादी देणारी डीएनएफ अपडेटइन्फो लिस्ट ही कमांड चालवा, सुरक्षेचा पर्याय लावून. डीएनएफ एकदा उतरवलेला मेटाडेटा मुळात ४८ तास ताजा मानतो, म्हणून कॅश साफ केल्याशिवाय निघालेल्या निष्कर्षावर विश्वास ठेवू नका. इथे एरॅटा दिसला पण कॅटेलोच्या पानावर त्या होस्टसमोर शून्य असेल, तर अपडेट होस्टपर्यंत व्यवस्थित पोचलेलं आहे. बिघाड हिशेबात आहे.

या हिशेबाबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण त्याकडे कुणी बघत नाही. कॅटेलो होस्टवर जाऊन काही तपासत नाही. होस्ट आपल्या पॅकेजांची यादी सर्व्हरला पाठवतो आणि सर्व्हर ती यादी रेपोतल्या एरॅटांशी ताडून पाहतो. यादी शिळी असेल तर उत्तरही शिळं. होस्टच्या पानावर शेवटचं चेक-इन कधी झालं ते बघा. ते जुनं असेल तर होस्टवरून डीएनएफ अपलोडप्रोफाइल ही कमांड सक्तीच्या पर्यायासह द्या आणि सर्व्हरच्या टास्क पानावर हिशेबाचं काम उठलं का ते पाहा. काम रांगेतच पडून असेल तर सर्व्हरच्या सेवा तपासा. हॅमर पिंग ही कमांड हे एका नजरेत सांगते.

आणि क्लोन. व्हर्च्युअल मशीनचा टेम्प्लेट करताना त्यावर सबस्क्रिप्शन-मॅनेजरची नोंदणी तशीच राहिली असेल, तर त्या टेम्प्लेटमधून निघालेली सगळी मशीनं एकाच ओळखपत्राने बोलतात. चार मशीनं आळीपाळीने आपापली यादी एकाच होस्टच्या नोंदीवर टाकत राहतात. सकाळी एरॅटा वीस, दुपारी शून्य, संध्याकाळी पुन्हा वीस, असा प्रकार दिसतो आणि माणूस सिंकच्या वेळा बदलत बसतो. तुमच्याकडे ‘निम्मे होस्ट शून्य’ आहेत, म्हणून हे आवर्जून बघा. नोंद झालेले होस्ट आणि प्रत्यक्ष चालू मशीनं यांची संख्या जुळते का? जुळत नसेल तर क्लोनवर सबस्क्रिप्शन-मॅनेजर क्लीन करून नव्याने नोंदणी करा आणि टेम्प्लेटही स्वच्छ करून ठेवा.

आता सर्व्हरची बाजू. एरॅटांच्या पानावर सीव्हीईच्या नंबरने शोधता येतं. निवडलेली सीव्हीई तिथे टाका. तिचा एरॅटा अजिबात नसेल तर तो तुमच्या लायब्ररीतच आलेला नाही, आणि तेव्हाच सिंककडे वळायचं. एरॅटा असेल तर त्याच्या तपशिलात रेपोंचा टॅब आहे. तिथे एन्व्हायर्नमेंट आणि कंटेंट व्ह्यू बदलून बघा. लायब्ररीत दिसतो आणि प्रॉडक्शनमध्ये दिसत नाही, असं झालं तर कारण सरळ आहे : सिंकनंतर कंटेंट व्ह्यूची नवी आवृत्ती पब्लिश झालेली नाही किंवा पब्लिश होऊन पुढच्या एन्व्हायर्नमेंटला प्रमोट झालेली नाही. सिंक लायब्ररीपुरतंच असतं. कंटेंट व्ह्यूची आवृत्ती पब्लिश झाली त्या क्षणाला गोठते आणि गोठणं हेच तिचं काम आहे.

याच पानावर ‘लागू’ आणि ‘इन्स्टॉल करण्याजोगा’ असे दोन गाळणे आहेत. लागू म्हणजे या होस्टला या दुरुस्तीची गरज आहे. इन्स्टॉल करण्याजोगा म्हणजे गरज आहे आणि त्या होस्टच्या व्ह्यू-एन्व्हायर्नमेंटमध्ये ती मिळतेही आहे. लागू चाळीस आणि इन्स्टॉल करण्याजोगे शून्य असा आकडा दिसला की पब्लिश-प्रमोट राहिलंय. दोन्ही शून्य असतील तर होस्टची यादी, चुकीचा रेपो किंवा मुळात एरॅटाच नसलेला रेपो यांपैकी काहीतरी. मी नव्या सर्व्हरवर गेलो की आधी हे दोन आकडे शेजारी ठेवतो. अर्धं निदान तिथेच होतं.

पब्लिश झालं, प्रमोट झालं, तरी एरॅटा गायब असेल तर व्ह्यूवरचे फिल्टर उघडा. कुणीतरी कधीकाळी तारखेचा फिल्टर लावलेला असतो आणि शेवटची तारीख तशीच राहिलेली असते. ‘फक्त हे घ्या’ प्रकारचा एक फिल्टर लावला की त्या प्रकारातलं बाकी सगळं बाहेर राहतं, हेही लोकांच्या लक्षात येत नाही. फक्त सुरक्षा एरॅटा आत घेणारे फिल्टर मला पसंत नाहीत. एखादी सुरक्षा दुरुस्ती ज्या दुसऱ्या पॅकेजच्या नव्या आवृत्तीवर अवलंबून असते ते पॅकेज साध्या बगफिक्समधून आलेलं असतं. फिल्टर ते वगळतो आणि पॅच लावायच्या रात्री डीएनएफ अवलंबित्व सुटत नाही म्हणून अडून बसतो. अवलंबित्व आपोआप ओढणारा पर्याय व्ह्यूवर आहे, पण तो पब्लिशचा वेळ चांगलाच वाढवतो. त्यापेक्षा व्ह्यूमध्ये सगळं घ्या आणि लावताना निवडा.

स्मार्ट प्रॉक्सी असेल तर ती या साखळीतली आणखी एक कडी. प्रमोशननंतर तिचं सिंक आपोआप सुरू होण्याची सेटिंग आहे, पण ते एन्व्हायर्नमेंट त्या प्रॉक्सीला दिलेलं असेल तरच. मुख्य सर्व्हरवर सगळं ताजं आणि शाखेतले होस्ट महिन्याभराने मागे, असं दिसलं तर तिथे बघा.

आता खरंखुरं सिंक. इथे मी चुकांपेक्षा हिरव्या टिकेला जास्त भितो. पल्प सिंक करताना आधी रिपोएमडी ही छोटी फाइल आणतो. बाकीच्या मेटाडेटा फाइलींची नावं, चेकसम आणि वेळा तिच्यात असतात. ती मागच्या वेळेसारखीच असेल तर ‘काही बदल नाही, सिंक वगळलं’ अशी नोंद करून तो बाहेर पडतो. टास्क यशस्वी, टिक हिरवी. रोजच अशी नोंद येत असेल तर तुमचा मिररच शिळा आहे. तुमच्या मिररवरची रिपोएमडी आणि आल्माच्या मूळ सर्व्हरवरची रिपोएमडी ब्राउझरमध्ये शेजारी उघडा आणि आतल्या आवृत्तीचे आकडे ताडून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

पत्त्यात ‘९’ आहे की ‘९.३’ हेही बघा. रेपो तयार करताना कुणी नेमकी उपआवृत्ती लिहिली असेल, तर पुढची उपआवृत्ती आल्यावर त्या फोल्डरमध्ये नवं काही येत नाही आणि काही दिवसांनी तो संग्रहाच्या सर्व्हरवर हलवला जातो. आल्मा आणि रॉकी दोघांकडे हीच पद्धत आहे. पत्ता नुसत्या ‘९’ वर ठेवा.

रेड हॅट ८ वर याचंच दुसरं रूप असतं. डेटाबेस कंपनीने अमुक उपआवृत्ती प्रमाणित केली म्हणून कुणीतरी होस्टवर रिलीज ८.६ ला बांधून ठेवतो. सबस्क्रिप्शन-मॅनेजर रिलीज ही कमांड दिली की ते दिसतं. वाढीव सपोर्टचं सबस्क्रिप्शन आणि त्याचे वेगळे रेपो नसतील तर अशा होस्टला त्या उपआवृत्तीच्या पुढचं काहीच मिळत नाही, आणि त्याच्या दृष्टीने तो पूर्ण अद्ययावत असतो. सर्व्हरवरही रेपो निवडताना ‘८’ ऐवजी ‘८.६’ चालू केलेला असू शकतो. रेड हॅट ८ ची शेवटची उपआवृत्ती ८.१० आहे, त्यामुळे बांधून ठेवण्याचं कारण आज उरलंय का हे डेटाबेसवाल्यांना विचारून घ्या. कित्येकदा ज्याने ते बांधलं तो माणूसच आता तिथे नसतो.

आता ४०३. आधी बघायचं, की एकच रेपो पडतोय की रेड हॅटचे सगळेच. एकच पडत असेल तर तुमच्या सबस्क्रिप्शनमध्ये तो रेपो नाही. नेटवर्कवाल्यांना उगाच बोलावू नका. सगळे एकदम पडत असतील तर मॅनिफेस्ट (सबस्क्रिप्शनची रेड हॅटकडून आणलेली फाइल), घड्याळ किंवा इंटरनेटच्या वाटेवरची प्रॉक्सी (वरची स्मार्ट प्रॉक्सी नव्हे). मॅनिफेस्टची मुदत संपली किंवा रेड हॅटच्या पोर्टलवर सबस्क्रिप्शनचं नूतनीकरण झालं पण इथे मॅनिफेस्ट रिफ्रेश केला नाही, हे सगळ्यात वरचं कारण. रिफ्रेश करा आणि पुन्हा सिंक लावा. प्रॉक्सीची गोष्ट अशी, की रेड हॅटचा सीडीएन (पॅकेज वाटणारे सर्व्हर) तुमच्या सर्व्हरकडून प्रमाणपत्र मागतो. मधली प्रॉक्सी टीएलएस (एन्क्रिप्ट केलेली वाहतूक) उघडून तपासत असेल तर ते प्रमाणपत्र पलीकडे पोचतच नाही. त्या पत्त्याला तपासणीतून वगळावं लागतं, दुसरा मार्ग नाही. सुरक्षा विभाग कुरकुर करेल. त्यांना सांगा, की पॅकेजांवर सही असते आणि ती होस्टवर तपासली जाते.

घड्याळाचं म्हणाल तर स्नॅपशॉटवरून परत उठवलेला सर्व्हर मागच्या तारखेत जागा होतो आणि प्रमाणपत्रं अवैध ठरवू लागतो. भारतात तसंही सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार घड्याळं एनआयसी किंवा एनपीएलच्या वेळेशी जुळवलेली असायला हवीत. पॅच सर्व्हर त्या यादीतून सुटलाय का ते बघून घ्या.

चेकसमची तक्रार अधूनमधून येते आणि आपोआप जाते, असं तुमच्या वर्णनावरून वाटतं. हे त्याच वेळी स्वतः अपडेट होत असलेल्या मिररचं लक्षण आहे. रिपोएमडी नव्या फाइलींची नावं सांगते आणि बाकीच्या फाइली ज्या मिररवरून येतात तो अजून जुनाच असतो. जवळचा, नीट सांभाळलेला एकच मिरर कायम ठेवा आणि सिंकची वेळ थोडी हलवून पाहा. कॅश करणारी प्रॉक्सी मध्ये असेल तर संशय तिच्यावर घ्या. बाकीच्या मेटाडेटा फाइलींच्या नावातच चेकसम असतो, पण रिपोएमडीचं नाव कधी बदलत नाही, म्हणून प्रॉक्सी तिची जुनी प्रत खुशाल देत राहते. तेवढ्या एका फाइलीला कॅशमधून वगळा. मिरर बदलूनही तक्रार राहिली तर रेपोच्या मेनूत प्रगत सिंक आहे. त्यातलं ‘पूर्ण सिंक’ मेटाडेटा पुन्हा वाचतं आणि ‘तपासणीसह सिंक’ डिस्कवरच्या फाइलीही पडताळून बिघडलेल्या परत आणतं. ही रोज चालवायची औषधं नाहीत.

एखादं सिंक मध्येच मेलं आणि टास्क थांबलेल्या अवस्थेत पडला तर तो त्या रेपोचं कुलूप धरून बसतो आणि पुढची सगळी सिंक ‘कुलूप आधीच घेतलेलं आहे’ म्हणत पडतात. आधी तो का थांबला ते वाचा. बहुधा पल्पची किंवा पोस्टग्रेसची डिस्क भरलेली असते. जागेबरोबर आयनोडही (डिस्कवर किती फाइली मावतात ती मर्यादा) बघा. जागा करून टास्क पुढे चालू करा. सक्तीने कुलूप तोडण्याचं बटण आहे, पण काम प्रत्यक्षात मेलंय याची खात्री झाल्याशिवाय ते दाबू नका.

डाउनलोडचं धोरण ‘मागणीनुसार’ असेल तर यशस्वी सिंकमध्ये फक्त मेटाडेटा आलेला असतो. आरपीएम फाइल पहिला होस्ट मागेल तेव्हा बाहेरून आणली जाते. सर्व्हरला कायम इंटरनेट असेल तर हे छान, डिस्क वाचते. पण बऱ्याच बँकांत इंटरनेट रात्री दोन तासांपुरतं उघडतं आणि पॅच रविवारी पहाटे लागतात. तिथे एरॅटा दिसतो, होस्ट मागतो आणि फाइल मिळत नाही. अशा ठिकाणी निदान मूळ ओएसचे रेपो ‘लगेच’ या धोरणावर ठेवा.

इथवरचं गोळा करायचं तर : होस्टचा रेपो पत्ता आणि तारीख, मग लागू-इन्स्टॉल करण्याजोगे हे दोन आकडे, मग एरॅटाचा रेपो टॅब, आणि शेवटी मिररची रिपोएमडी. या चार ठिकाणी बघितल्यावर आल्मा आणि रेड हॅटचा उलगडा झाला पाहिजे.

सेंटओएस ७ मात्र यात बसत नाही. तिथे एरॅटा शून्य दिसणं हा बिघाडच नाही. एरॅटाची माहिती रेपोतल्या अपडेटइन्फो नावाच्या फाइलीतून येते आणि सेंटओएस लिनक्सने आपल्या मूळ रेपोंमध्ये ती कधीच दिली नाही. आल्मा देतं, ईपेल (जादा पॅकेजांचा रेपो) देतं. त्यामुळे त्या मशीनांवर ईपेलचे दोन-चार एरॅटा दिसून ‘यंत्रणा चालतेय’ असा भास होऊ शकतो. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे सेंटओएस ७ ची मुदत ३० जून २०२४ ला संपली. त्यानंतर रेपो संग्रहाच्या सर्व्हरवर गेले. त्या पत्त्यावरून सिंक केलंत तर ते रोज हिरवं येईल आणि नवं काहीही येणार नाही. त्या मशीनांसाठी सिंकवर एक तासही घालवू नका. आल्मावर न्या किंवा पैसे देऊन कुणाचा तरी वाढीव सपोर्ट घ्या, आणि तोवर त्यांची नोंद जोखमीच्या यादीत उघडपणे ठेवा.

उबुंटूच्या रेपोंतही ही अपडेटइन्फो फाइल नसते. तिथे सुरक्षा अपडेटांचा वेगळा संच असतो, ‘जॅमी-सिक्युरिटी’ अशा नावाचा. तुमच्या रेपोच्या व्याख्येत तो संच घेतलाय ना, एवढंच तपासा. एखादं डेबियन असेल तर नावाकडे लक्ष द्या : डेबियन १० पर्यंत संचाचं नाव ‘बस्टर/अपडेट्स’ या पद्धतीचं होतं आणि ११ पासून ते ‘बुल्सआय-सिक्युरिटी’ असं झालं. जुनी ओळ फक्त शब्द बदलून पुढे नेली तर ती चालत नाही.

राहिला स्कॅनर. अपडेट लागलं तरी लाल ओळ जात नाही याची दोन कारणं मला वारंवार भेटतात. पहिलं, कर्नल नवा बसलाय पण मशीन रीबूट झालेलं नाही, किंवा ग्लिबसी बदलली पण चालू सेवा जुनीच धरून बसल्यात. नीड्स-रीस्टार्टिंग ही कमांड किंवा कॅटेलोचा ट्रेसर ते दाखवतो. दुसरं, बॅकपोर्ट. रेड हॅट आणि त्याची भावंडं सहसा नवी आवृत्ती आणत नाहीत, जुन्याच आवृत्तीत दुरुस्ती शिवतात. १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएचमधली सीव्हीई-२०२४-६३८७, म्हणजे ‘रिग्रेशन’ म्हणून गाजलेली त्रुटी, जाहीर झाली. मूळ प्रकल्पाने ती ९.८ मध्ये दुरुस्त केली. रेड हॅट ९ मध्ये मात्र दुरुस्तीनंतरही आवृत्ती ८.७पी१ हीच राहिली, फक्त त्यापुढचा रिलीज क्रमांक वाढला. लॉगिन न करता बाहेरून बॅनर (सेवा स्वतःची आवृत्ती सांगते ती ओळ) वाचणारा स्कॅनर ८.७ बघतो आणि लाल करतो. रेड हॅट ८ मधल्या ८.०पी१ ला ही त्रुटी लागूच नव्हती, कारण ती ८.५पी१ पासून आत शिरली होती. तरी त्या मशीनांवरही लोकांनी खुलासे लिहीत बसायची वेळ आली. ऑडिटरला स्कॅनर लॉगिनसह चालवायला सांगा, आणि वाद उरलाच तर आरपीएमच्या चेंजलॉगमध्ये सीव्हीईचा नंबर शोधून ती ओळ त्याला दाखवा. बहुतेक ऑडिटर हे मान्य करतात. जे करत नाहीत त्यांना डिस्ट्रोचं अधिकृत सीव्हीई पान जोडून द्या.

दर तासाला सिंक लावू नका. पब्लिश-प्रमोट आठवड्यातून एकदा होत असेल तर तासातासाच्या सिंकने होस्टवर काहीच बदलत नाही, फक्त टास्कची गर्दी वाढते आणि एखादं लांबलेलं सिंक दुसऱ्याच्या अंगावर येतं. दिवसातून एकदा पुरे. त्याऐवजी पब्लिश आणि चाचणी एन्व्हायर्नमेंटपर्यंतचं प्रमोशन आठवड्याच्या ठरल्या दिवशी आपोआप होऊ द्या, प्रॉडक्शनला माणसाने पाहून पुढे ढकलावं. मधेच काही गंभीर आलं तर एरॅटाच्या पानावरून इन्क्रिमेंटल अपडेट करा. चालू आवृत्ती ४.० असेल तर तेवढा एरॅटा घालून ४.१ तयार होते आणि बाकी व्ह्यू हलत नाही. इशाऱ्यासाठी टास्क यशस्वी झाला का यावर नजर ठेवण्याऐवजी प्रॉडक्शनमधल्या एका होस्टवरून रेपोची तारीख रोज वाचा आणि ती ठरावीक दिवसांहून जुनी झाली की मेल येऊ द्या. माझ्या हाताखालच्या सर्व्हरांवर हा एक इशारा बाकी सगळ्यांपेक्षा जास्त कामाला आला आहे.

एवढं करून अडलंच तर एका होस्टचा रेपो पत्ता आणि तारीख, लागू व इन्स्टॉल करण्याजोगे हे दोन आकडे, कॅटेलोची आवृत्ती आणि पडलेल्या टास्कमधला एररचा मजकूर एवढं पाठवा. पत्त्यातलं सर्व्हरचं आणि संस्थेचं नाव आधी झाका.